पाठकोरी जिवती

आमच्या देवघरातली जिवती आम्ही विकत आणत नव्हतो. मायलेकी मिळून घरीच काढायचो, उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला संघटनेची मागणी छापलेली, दुसऱ्या बाजूला देव. ज्यांना हे ऐकून हसू येईल त्यांनी हसून घ्यावं. माझ्याकडे तेव्हा दुसरा कागद नव्हता, आणि दुसरा देवही नव्हता.

जिवती ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात देवघराशेजारी भिंतीवर एक चित्र लावतात. त्यात नृसिंह, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि लेकरांनी वेढलेल्या जिवत्या असतात. दर शुक्रवारी आई त्या कागदाची पूजा करते, आघाडा-दूर्वांची माळ घालते आणि पुरणाचे दिवे लावून मुलांना ओवाळते. माझं लेकरू जगू दे, एवढंच मागणं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालायचं आणि संध्याकाळी हळदीकुंकू करायचं. सवाष्ण म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे ती. लेकराच्या आयुष्याच्या पूजेत नवऱ्याच्या आयुष्याची चौकशी कशाला, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

माझा नवरा नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात फिटर होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मुलगी नुकती चालायला लागली होती, आणि तो काविळीनं गेला. सासरचे म्हणाले, गावी चल. मी नाही म्हटलं. नाशिकमध्येच राहिले, कॉलनीतल्या त्याच दोन खोल्यांच्या रो-हाउसमध्ये. त्या घराची एक भिंत शेजाऱ्यांची आणि आमची मिळून एकच होती. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजायचो, आमचं रडणं ते ऐकत असणार. सकाळी मी रविवार कारंज्याकडच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे आणि दुपारनंतर बायकांच्या संघटनेचं काम करायचे. पत्रकं मीच लिहायचे. वय पंचविशीच्या आत, राग भरपूर, आणि बोलायला घरात एक बोबडं पोर.

पहिल्यांदा मी छापील जिवतीच आणली होती. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा त्या कागदाला जवळजवळ नाक लावून तिनं विचारलं, यात मी कुठंय? मी नीट पाहिलं. आमच्या कागदावर जिवतीच्या मांडीवर मुलगा, खांद्यावर मुलगा, पायाशी रांगणारे सगळे मुलगेच. पोरगी औषधालासुद्धा नाही. माझ्या डोक्यात ताबडतोब पत्रकाचा मथळा तयार झाला. मुलीच्या डोक्यात वेगळंच होतं. ती म्हणाली, आपण काढू.

तेव्हापासून श्रावण लागायच्या आधीचा आठवडा आमच्या घरात नुसता रंगांचा असायचा. पिवळा हळदीचा, गुलाबी बिटाचा, निळा कपड्यांच्या निळीचा, काळा काजळाचा. भिंतीवर पोस्टरं लावायला मी मैद्याची खळ शिजवायचे, त्याच पातेल्यातल्या खळीनं देव भिंतीवर चढायचे. वाघ आमच्या गल्लीतल्या मांजरासारखा दिसायचा, मिशा मात्र वाघाच्या. बुध आणि बृहस्पतीपैकी एकाला ती दर वर्षी फ्रॉक घालायची, कोणाला ते तिच्या मर्जीवर. हत्तीच्या मागे एक उभी रेघ मारून म्हणायची, हे बाबा. शुक्रवारी तांदळाचं धुण ओलांडायचं नाही असा जिवतीचा नियम आहे. तो तिला फार आवडायचा. मी तांदूळ धुतले की ती मोरीला वळसा घालून घरभर उड्या मारत जायची, आणि मी चुकून ओलांडलं की देवाला जाऊन सांगायची. देवाला सगळंच सांगायची ती. शुभंकरोती झालं की दिवसाच्या बातम्या सुरू. बालवाडीत कोण कोणाला चावलं, मांजरीनं पिल्लं कुठं नेली, आईनं आज कोणाला फोनवर झापलं.

मी देव मानते. हे इतक्या उघडपणे सांगावं लागतं, कारण आमच्या संघटनेत ते चोरून ठेवायची पद्धत होती. मला पत्रक लिहायला शिकवलं त्या ताई एकदा घरी आल्या. पहिल्या वाक्यात तक्रार, दुसऱ्यात मागणी, विशेषण आढळल्यास कापावं, ही त्यांची शिकवण. त्यांनी देवघरासमोर उभं राहून आमची जिवती पाहिली, मागे छापलेलं वाचायला कागदाचा कोपरा उचलून पाहिला, आणि म्हणाल्या, बाहेर बंड आणि घरात पुरण, असं किती दिवस चालायचं? मी म्हटलं, मला देवानं नाही हाकललं, बायकांनी हाकललंय. त्यांनी मान हलवली. दोन्ही एकाच कारखान्यातला माल आहे, म्हणाल्या. चहा घेतला, मुलीच्या गालाला हात लावला आणि गेल्या. नंतर ऑफिसात प्रेमानंच वागायच्या, पण घरी कधी आल्या नाहीत. त्यांचं पाहून बाकीच्याही आल्या नाहीत.

कॉलनीतल्या बायका तर आधीपासूनच येत नव्हत्या. माझं कुणाशी भांडण नव्हतं. गेटपाशी बोलणं व्हायचं, वाटीभर साखर यायची-जायची. पण श्रावणातल्या शुक्रवारी आळीपाळीनं एकेका घरी हळदीकुंकू असायचं, काठाच्या साड्या नेसून सगळ्या जणी आमच्या दारावरून जायच्या, आणि आमच्या दारापाशी आल्या की त्यांची पावलं उगाचच भरभर पडायची. मी आत पुरण वाटत असायचे. मुलीला मीच ओवाळायचे. विधवेनं ओवाळू नये म्हणतात. मग माझ्या लेकराला कोण ओवाळणार होतं, महापालिका?

त्यावरच मी ते पत्रक लिहिलं होतं. गुलाबी कागदावर, ठसठशीत टायपात: ‘जिथे विधवेला पाट नाही, ते हळदीकुंकू नव्हे. ती नवरे जिवंत असल्याची हजेरी आहे.’ मला अजूनही ते वाक्य पटतं. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात, भद्रकालीत, कॉलेजांच्या दारांत मी ते स्वतः वाटलं, शिव्याही खाल्ल्या. फक्त आमच्या कॉलनीत वाटलं नाही. कारण सरळ होतं. बालवाडी सुटल्यापासून मी परत येईपर्यंत माझी मुलगी शेजारच्या वहिनींकडे असायची. माझं सगळं शौर्य दुपारभर त्यांच्या ओट्यावर खेळत असायचं.

या वहिनी मूळच्या मनमाडकडच्या. नवरा ओझरला नोकरीला, घरात सासूबाई. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. माझ्या मुलीला त्यांनी स्वतःच्या पोरांबरोबर किती वेळा जेवू घातलं असेल, त्याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही आणि मला ठेवता आला नाही.

मुलगी मोठ्या गटात गेली त्या वर्षी तिला ‘या’ लिहिता येऊ लागलं. श्रावण चालू होता. तिनं मला विचारलं, आपल्याकडे कुणीच का येत नाही? मी म्हटलं, आपण बोलावत नाही म्हणून. हे खोटं होतं, पण पाच वर्षांच्या मुलीला समजेल असं तेवढंच मला सुचलं. तिनं ते खरं मानलं.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली होती. स्वयंपाकघरात पुरणयंत्र फिरवत होते, बाहेर ती गठ्ठ्यातले कागद घेऊन चित्रं काढत बसली होती. नंतर गेट वाजलं, थोड्या वेळानं पुन्हा वाजलं, आणि ती धापा टाकत आत आली. सगळ्यांना बोलावलं, म्हणाली. सगळ्यांच्या दारात टाकलं. मी विचारलं, काय टाकलं? तिनं उरलेला एक कागद माझ्यासमोर धरला. एक मिशीवाला वाघ, एक पेटलेला पुरणाचा दिवा, आणि मोठ्या अक्षरात ‘या’.

मी कागद उलटा केला. मथळा माझा होता.

आधी मला हसू फुटलं. मग धावत जाऊन परत गोळा करावेत म्हणून गेटपर्यंत गेले. समोरच्या घरातली बाई पायरीवर उभी राहून वाचत होती. ओठ हलत होते. वाचून झालं की तिनं कागद पलटून वाघ पाहिला, पुन्हा पलटून मजकूर पाहिला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी घरात आले.

थोड्या वेळानं वहिनी आल्या. गुलाबी कागद घडी करून मुठीत धरला होता. आत आल्या नाहीत, दारातच थांबल्या.

“बाई, तुला काय लिहायचं ते लिही,” त्या म्हणाल्या, “पण लेकराच्या हातानं वाटायचं? घराघरांतून?”

मी म्हटलं, तिनं बोलावणं म्हणून टाकलंय, तिला कुठं वाचता येतं. पाठकोरे कागद आहेत, त्यावरच ती चित्रं काढते. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी कागद उघडून वाघाकडे एकदा पाहिलं. पण पटून उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या, ओळीतल्या बाकीच्या बायका म्हणतायत, विधवेनं पोरीला पुढे करून आपल्या नवऱ्यांची हजेरी काढली. सासूबाई तर जेवल्याच नाहीत. आमच्या घरात पोरीला खाऊ घातलं त्याचे हे पांग फेडले, असं त्यांचं म्हणणं.

माझं तोंड गप्प राहणारं नाही. मी विचारलं, “मी गोड बोलून बोलावलं असतं, तर आल्या असता?”

वहिनींनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, “बाकीच्यांचं जाऊ दे. मी आले असते.”

“मग या ना.”

“आता कशी येऊ? आता आले तर तुझ्या कागदाला घाबरून आली म्हणतील. आणि नाही आले तर पोरगी दारात बसणार हाय, मला काय दिसत नाय का?” कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि गेल्या.

पोरगी दारात बसलीच. तिनं रांगोळी काढली होती, पाट मांडला होता, फुटाणे वाटीत काढले होते. जायफळ घातलेलं दूध मी पुनःपुन्हा कोमट करत होते. रस्त्यावरून कुणी बाई गेली की ती उभी राहायची. एकदा तर दूधवाल्यालाही तिनं विचारलं, तुमच्या घरी कागद आला का? अंधार पडायला लागला तशी ती आत आली आणि तिनं माझ्याकडे तक्रार केली नाही. तक्रार तिनं देवाकडे केली. मी सगळ्यांना बोलावलं होतं, तिनं त्याला सांगितलं, कुणाचं घर चुकलं नाही.

मग ती वळून मला म्हणाली, तू बस पाटावर.

आता मला जे सांगायचंय ते नीट सांगते. सभेला जाताना मी टिकली लावायचे, मुद्दाम मोठी, सगळ्यांना दिसावी अशी. पण टिकली पाकिटातून निघते आणि घरी आलं की आरशाला चिकटवून ठेवता येते. करंड्यातलं कुंकू वेगळं. लग्नातला तो करंडा नवरा गेल्यापासून मी फक्त देवांसाठी उघडत होते. गावभर बायकांना सांगत फिरले की पाटावर बसा, तुमचा हक्क आहे, आणि स्वतःच्या घरातला तो पाट पाहून मी दूध पुन्हा कोमट करायला वळले. कुणी अडवत नव्हतं. अडवायला घरात होतं तरी कोण?

मी बसले. तिनं बोट बुडवून हळद लावली, मग कुंकू. बोट खोल बुडालं होतं, कुंकू नाकावर सांडलं. तिनं पुरणाची पोळी वाढली, वर तुपाऐवजी दूध ओतलं, आणि वहिनींच्या घरी पाहिलेलं तसं, सावकाश होऊ दे, म्हणाली. मी जेवले. ती समोर उकिडवी बसून प्रत्येक घास पाहत होती, पाहुणी उठून जाईल की काय अशा नजरेनं. इतक्या प्रेमानं मला त्यानंतर कुणी जेवू घातलेलं नाही, आणि इतकं एकटंही मला कधी वाटलेलं नाही.

पुढचा शुक्रवार वहिनींकडचा होता. मधल्या आठवड्यात मुलगी दुपारी तिकडेच होती, वहिनींनी त्यात खंड पडू दिला नाही. फक्त माझ्याशी बोलणं मोजकं झालं होतं. संध्याकाळी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली, पोरीला पाठव गं, फुटाणे घ्यायला. पोरीला. आणखी कुणाला नाही.

मी शिकलेलं सगळं सांगत होतं की पाठवू नकोस. ज्या घरात आईला पाट नाही तिथे मुलीनं हात पसरू नये. हे वाक्य मी छापायलाही दिलं असतं. पण ती आधीच फ्रॉक घालून, केसांना पाणी लावून उभी होती. म्हणाली, तू पण चल.

“मला बोलावलेलं नाही,” मी म्हटलं. या वेळी खोटं बोलले नाही.

“का?”

“बाबा नाहीत म्हणून.”

तिनं जरा विचार केला. “मला पण बाबा नाहीत.”

पलीकडून वहिनींनी पुन्हा हाक मारली आणि मी तिला पाठवलं. दार लावून भिंतीपाशी बसले. बायकांचं हसणं, बांगड्या, वाट्यांचे आवाज, सगळं स्पष्ट येत होतं. मग एकदम सगळं थांबलं. इतकं थांबलं की मला वाटलं, कुणी पडलंबिडलं. मी उठून उभी राहिले. काही वेळानं पुन्हा कुजबुज सुरू झाली, मग नेहमीसारखं.

ती आली तेव्हा कपाळाला हळदीकुंकू होतं आणि मुठीत फुटाणे. काय झालं होतं, मी विचारलं. तिला काही विशेष वाटत नव्हतं. वहिनींच्या सासूबाई कुंकू लावायला आल्या तेव्हा तिनं त्यांना सांगितलं होतं की मला पण बाबा नाहीत, मग मी बसू का उठू? सगळ्या गप्प झाल्या. मग?

“मग आजी म्हणाल्या, बस.”

एवढंच. कुणाला वाटेल की दुसऱ्या दिवशी कॉलनी बदलली. बदलली नाही. त्या श्रावणात मला कुणी बोलावलं नाही, त्यानंतरच्याही नाही. मुलीला मात्र सगळ्या बोलवायच्या, जरा जास्तच आग्रहानं. मी तिला दर वेळी केस विंचरून पाठवत राहिले. संघटनेत यातलं काही सांगितलं नाही. आणि पत्रकंही लिहीत राहिले, कारण राग काही कमी झाला नव्हता. तिला खेळायला गल्ली हवी होती. तिची गल्ली माझ्या भांडणात जायला नको, एवढंच मी त्या वर्षांत सांभाळलं.

आता ती तिसरीत आहे. मागच्या शुक्रवारी वहिनींनी भिंतीवरून हाक मारली. ती चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली, मी नाही येत, आई येत नाही तर मी पण नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मीच शिकवलंय अशा नजरेनं. देवाशप्पथ, मी शिकवलेलं नव्हतं. इतकी पत्रकं वाटली, त्यातलं एक शेवटी कुणालातरी लागू पडलं, आणि पडलं ते माझ्याच घरात. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

वहिनी आत गेल्यावर मी तिला म्हटलं, अगं जा, तुझ्या सगळ्या मैत्रिणी असतील तिथे, फुगड्या घालतील. माझं काय घेऊन बसलीस?

“तू जा म्हणतेस,” ती म्हणाली, “पण मी गेले की तू भिंतीपाशी बसतेस. मला माहितीय.”

मी सांगितलं, नाही बसत. तिनं ऐकल्यासारखं केलं आणि वाघाच्या पाठीवरच्या पट्ट्या भरत राहिली. पलीकडे फुगडी सुरू झाली. फरशीवरचे पायांचे ठोके भिंतीतून येऊ लागले, त्यामागून मुलींचं हसणं. तिनं मान वर केली नाही. हातातली काडी निळीच्या वाटीत बुडवून तिनं हत्ती काढायला घेतला. पण मांडीखाली दुमडलेला तिचा एक पाय हलत होता, भिंतीपलीकडच्या ठोक्याबरोबर, अगदी बरोबर. मी त्या पायाकडे पाहत बसले.